सात प्रयोगशाळा आणि एक आकडा

बाईंना स्वस्थ बसलेलं पाहायचं असेल तर त्यांच्या लग्नाचा फोटो शोधावा लागे, आणि त्यातही त्या उठायच्या बेतात आहेत असंच वाटे. साठीला टेकलेली ही बाई दिवसभर पायांवर. फोनवर बोलताना फेऱ्या, चहा पिताना फेऱ्या, कुणी आपलं दुःख सांगायला आलं तर ऐकता ऐकता त्याच्याभोवती एक चक्कर. पायाला भिंगरी लागलेली माणसं असतात, पण यांच्या आईने तर लहानपणी हाकच 'भिंगरी' अशी मारायला सुरुवात केली होती. ते नाव नोकरीच्या जागी कुणी नेऊन पोचवलं कोण जाणे. तोंडावर सगळे 'बाई' म्हणत, आणि त्या खोलीबाहेर पडल्या की 'भिंगरी कुठे गेली?' अशी चौकशी होई.

नोकरीही मुलखावेगळी होती. वस्तू टिकाव्यात म्हणून जग धडपडतं. बाईंना पगार मिळे तो वस्तू झिजवण्याचा. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती आणि तिच्या बरोबर मध्ये त्यांचं यंत्र. रबराची धाव चढवलेलं एक पोलादी चाक, दांड्याच्या जोराने त्याला टेकवलेली तळहाताएवढी धातूची पट्टी, आणि वर पत्र्याचं एक नरसाळं. नरसाळ्यातून वाळू पडायची ती नेमकी चाक आणि पट्टीच्या फटीत. चाक फिरणार, वाळू घासणार, पट्टी झिजणार. अर्ध्या तासाने पट्टी काढायची, पुसायची, काट्यावर ठेवायची आणि आधीच्या वजनातून आताचं वजा करायचं. जे गेलं ती झीज. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण एकाच ओतीतून, म्हणजे एकाच वेळी ओतलेल्या धातूतून, कापलेल्या दोन पट्ट्यांना आज एक आकडा आणि उद्या भलताच आला, तर त्या आकड्याचं करायचं काय? दोन पट्ट्या एकसारख्या असतील तर आकडेही एकसारखे यायला हवेत, मग यंत्र कुठलंही असो आणि माणूस कुणीही असो. बाई नव्या लोकांना हे एका वाक्यात सांगत. "मी मेले तरी आकडा तोच आला पाहिजे. तर ती पद्धत. नाहीतर ती माझी खोड."

काट्यावर वजन करायला एक गृहस्थ होते. पंचावन्नच्या आसपासचे, अंगाने आणि स्वभावाने जड. त्यांना सगळे काटेवाले म्हणत. वीस वर्षं ते दर वेळी श्वास बाजूला सोडून ग्रॅमचा दहा हजारावा भाग वाचत आले होते, आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. बाईंच्या फेऱ्या आणि काटेवाल्यांचं मौन, या दोन गोष्टींवर ती खोली बरी चालली होती.

आता यात भानगड कुठे आली, तर वाळूत. जुन्या, सर्वमान्य पद्धतीत धुतलेली, गोल दाण्यांची वाळू वापरत. अकरा वर्षांपूर्वी या पद्धतीत पहिल्या नंबराने पास झालेले पत्रे एका खाणीतल्या उतारावर बसवले गेले. दगड-खडी ज्यावरून घसरत खाली येते तो उतार. दहा आठवड्यांत पत्रे आरपार फाटले. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून खाणीतला मुकादम जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाई तिथे स्वतः गेल्या, उतारात हात घातला आणि मूठभर माल वर काढला. धारदार कपच्या, आणि त्यांच्यात पिठासारखी भुकटी. "आणि मी मारे धुतलेल्या वाळूने परीक्षा घेत बसलेय," असं त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याला भुंगा लागला.

अकरा वर्षं तो भुंगा गेला नाही. भुकटी मिसळलेली, कपच्यांची वाळू वापरायची, पण तिचाही आकडा दर वेळी तोच यायला हवा. भुकटी किती, वाळू कोणत्या चाळणीची, भट्टीत किती तास वाळवायची, दांड्यावर वजन किती, चाकाचे फेरे किती, रबर किती चाचण्यांनंतर घासून सपाट करायचं. एकेका ओळीमागे दोन-दोन महिने गेले. शेवटी त्रेचाळीस पानं झाली. ती समितीपुढे गेली, आणि समितीने रिवाजाप्रमाणे एकाच ओतीच्या पट्ट्या सात प्रयोगशाळांना पाठवल्या. सातही ठिकाणी फक्त ती त्रेचाळीस पानं वाचून चाचणी करायची. आकडे दहा टक्क्यांच्या आत एकमेकांशी जुळले तर पद्धत मानक होणार, नाहीतर परत. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांच्यामागे हे काम हातात घेईल असं तिथे कुणी नव्हतं. वरच्या साहेबांनी तर त्या खोलीत फायलींची कपाटं ठेवायची म्हणून मापंही घेऊन ठेवली होती.

निकालाचा कागद सोमवारी आला. बाईंच्या खोलीतल्या पाच चाचण्या दोन टक्क्यांत बसल्या होत्या, इतक्या नेटक्या की कुणी खोटं लिहिलंय म्हणावं. बाकीच्या सहा ठिकाणी नुसता गोंधळ. एकाच प्रयोगशाळेत सकाळी एक आणि दुपारी त्याच्या पाऊणपट. शिवाय सहाही जणांची सरासरी बाईंपेक्षा कमी. वाळू जणू तिथे कामचुकारपणा करत होती.

तासाभरात समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. गोड बोलणारा, कामं मार्गी लावणारा माणूस. "बाई, अभिनंदन! तुमच्या आकड्यांना तोड नाही. बाकीच्यांचा हात अजून बसलेला नाही, एवढंच. बैठक तीन आठवड्यांवर आहे. तुमचे आकडे आधार धरू, बाकीच्यांना सराव करायला सांगू. माझ्यावर सोडा."

फोन ठेवून बाई खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आनंदात गेल्या. परत येताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?" काटेवाल्यांनी विचारलं, म्हणजे चेहरा किती उतरला असेल बघा.

"सहा माणसं चुकली आणि मी एकटी बरोबर. हे तुम्हाला पटतं?"

काटेवाल्यांनी खांदे उडवले. पगार मिळतो तो वजन करण्याचा, मत देण्याचा नाही, असं त्यांचं साधं धोरण होतं.

घरी नवऱ्यापुढेही तेच. नवरा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. बायकोसकट सगळं जग त्याला मास्तर म्हणे. संध्याकाळी जेवायला बसले तर मास्तर एका जागी आणि बाई टेबलाभोवती.

"अगं, बस. पानावरचं निवून चाललंय."

"अहो, तुमच्या वर्गात चाळीस पोरांपैकी एकाचंच उत्तर बरोबर आलं असतं, तर काय केलं असतं तुम्ही?"

मास्तरांनी घास गिळला. "आधी फळ्यावर मी गणित काय लिहिलंय ते बघितलं असतं."

बाईंना असा राग आला की विचारता सोय नाही. अकरा वर्षं रक्त आटवून लिहिलेली पानं, आणि घरच्याच माणसाने म्हणावं की गणितच चुकीचं मांडलंय! त्या पाण्याचा ग्लास हातात घेऊन गच्चीवर गेल्या, तिथेही फेऱ्या मारल्या, आणि खाली येऊन म्हणाल्या, "उद्या सगळ्यांना फोन करते."

सहा ठिकाणी फोन झाले. वाळू किती वाळवली? लिहिल्याप्रमाणे. चाळण? लिहिल्याप्रमाणे. सुरुवातीला मिनिटभर वाळू भांड्यात धरून तिचं वजन केलं होतं का? केलं होतं, बरोबर आलं होतं. पाच जणांनी आदबीने उत्तरं दिली. सहावी मात्र चाळिशीची, फटकळ बाई निघाली. सगळ्यांत वाईट आकडे तिचेच होते, त्यामुळे तिला गमावण्यासारखं काही नव्हतं.

"मॅडम, मी कागद अक्षर न अक्षर पाळलाय. तुमच्याकडे कागदात नसलेलं काहीतरी आहे."

"काय असणार? जादू?"

"ते तुम्हालाच माहीत."

"मग या आणि डोळ्यांनी बघा," असं म्हणून बाईंनी फोन आपटला. तिसऱ्या दिवशी पाहुणी हातात पिशवी घेऊन दारात हजर.

पहिला दिवस पाहुणीचा. बाईंचंच यंत्र, बाईंचीच वाळू, काटेवाल्यांचाच काटा. पाहुणी स्टुलावर बसली, पानं मांडीवर उघडली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून तिने तीन चाचण्या केल्या. तीन पट्ट्यांचे तीन आकडे, एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही. यंत्र तेच, मग हे काय? बाईंनी दांड्यावरचं वजन पुन्हा तोललं, भट्टीचं तापमान तपासलं, चाकाचं रबर नखाने दाबून पाहिलं, आणि पाहुणीवर उगीचच खेकसल्या की पट्टी पुसताना जोर कमी पडतोय.

दुसरा दिवस बाईंचा. तीन चाचण्या, आणि तीनही आकडे एका माळेत ओवल्यासारखे. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. उलट त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आपल्या हाताखाली यंत्र वागतं आणि दुसऱ्याच्या हाताखाली बिथरतं, ही बढाई स्वयंपाकघरात मिरवायला ठीक. इथे तो आरोप होता.

तिसऱ्या दिवशी पाहुणीने वेगळीच गोष्ट केली. तिने यंत्राकडे बघितलंच नाही. कोपऱ्यात उभी राहून, मोबाईल समोर धरून ती अर्धा तास बाईंकडे बघत राहिली. बाई नेहमीसारख्या यंत्राभोवती फिरत होत्या, फिरता फिरता तिला खाणीतल्या मुकादमाची गोष्ट सांगत होत्या. चाक थांबलं तशी पाहुणी म्हणाली, "मॅडम, नरसाळ्याला हात का लावता?"

"कुणी लावला?"

"तुम्ही. बावीस वेळा."

"काहीतरीच! चालू यंत्राला मी हात लावीन? वीस वर्षं लोकांना ओरडतेय मी त्यावरून."

पाहुणीने मोबाईल पुढे केला. त्यात एक पांढऱ्या केसांची बाई यंत्राभोवती भराभर फिरत होती, तोंडाने बोलत होती, आणि नरसाळं खांद्याशी आलं की बोटांच्या पेरांनी त्याला एक हलकीशी टपली मारत होती. वांड पोराच्या डोक्यात जाता येता मारावी तशी. मारताना तिचं त्याकडे लक्षही नव्हतं.

बाईंनी ते दोनदा पाहिलं. मग काटेवाल्यांकडे वळल्या. "मी असं करते?"

"करता की," काटेवाले म्हणाले. "नेहमीच."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ते पद्धतीतच आहे."

पाहुणीला हसू आवरेना. बाईंना मात्र कुणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसं झालं. सगळा उलगडा क्षणात झाला होता. पिठासारखी भुकटी नरसाळ्याच्या गळ्यात बसते. सुरुवातीचं मिनिटभर वाळू नीट पडते, म्हणून भांड्यातलं वजन बरोबर येतं. पुढे गळा हळूहळू तुंबतो, मधेच मोकळा होतो, पुन्हा तुंबतो. बाकीचे बिचारे शहाण्यासारखे स्टुलावर बसून कागदाप्रमाणे नुसतं निरीक्षण करत होते. टपली खाऊन वाळू सरळ वागायची ती फक्त इथे.

तरीही बाई अशा हार मानणाऱ्या नव्हत्या. "उद्या मी हात न लावता करते," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

हा उद्या त्या घरात आणि त्या खोलीत कुणी विसरणार नाही. बाई स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पाच मिनिटांत पाय हलायला लागले. दहा मिनिटांत घाम आला. पंधराव्या मिनिटाला उजवा हात आपसूक सुटला आणि काटेवाल्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मोठ्याने हटकलं, "बाई, हात!" अशा तीन चाचण्या झाल्या. तीन आकडे आले ते पाहुणीच्या आकड्यांचे सख्खे भाऊ. काटेवाल्यांनी शेवटचा आकडा मोठ्याने न वाचता कागद नुसता पुढे सरकवला.

बाईंना पहिल्यांदा वाटला तो अभिमान, खोटं कशाला सांगा. यंत्र माझ्या हाताचं ऐकत होतं! पण तो अभिमान जिना चढेपर्यंतही टिकला नाही. अकरा वर्षं त्या म्हणत आल्या होत्या की आकडा पद्धतीचा आहे. तो त्यांच्या बोटांचा होता. त्यांना सगळ्यांसमोर उघडं पडल्यासारखं वाटलं, आणि ते अजून त्या खोलीबाहेर कुणाला दिसलेलंही नव्हतं.

मग सुटकेच्या वाटा शोधणं आलं. टपलीच लिहून टाकली तर? ठराविक वेळाने बोटांनी हलका ठोका द्यावा? करून पाहिलं. काटेवाल्यांची टपली इतकी मऊ की वाळूला ती कळलीच नाही. पाहुणीने अशी हाणली की नरसाळ्याला पोचा आला. हात तितक्या टपल्या. विजेवर चालणारी छोटी हातोडी बसवता येईल, पण ती बनवायची, तिचा जोर ठरवायचा, आणि सातही ठिकाणी पुन्हा सगळ्या चाचण्या. वर्ष तरी गेलंच. बाईंचे महिने चार, आणि बैठकीला दिवस नऊ.

जायच्या आदल्या दिवशी पाहुणी चहाचा कप धरून त्यांच्याबरोबर फेऱ्या मारू लागली. एव्हाना ती 'मॅडम'वरून 'ताई'वर आली होती. "ताई, एक सुचवू? 'वाळूचा प्रवाह सलग राहील याची काळजी घ्यावी' एवढं वाक्य घाला. अध्यक्ष तुमच्या बाजूने आहेतच. एकदा पास होऊ दे, दुरुस्ती मागाहून करता येईल. मी तोंड उघडणार नाही."

"आणि तुझे ते वाईट आकडे?"

"राहू देत. सराव कमी पडला म्हणेन."

तिच्या डोळ्यांत खोट नव्हती. ती मनापासून बोलत होती, आणि म्हणूनच ते ऐकणं जड गेलं. बाईंनी ते वाक्य बाराव्या पानावर पेन्सिलने लिहिलं. वाक्य छान बसलं. चार दिवस ते तिथे राहिलं आणि चार दिवस बाई घरात अशा वावरल्या की मास्तरांनी शेवटी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"पास होतंय ना सगळं? मग ही येरझार कसली?"

बाईंनी वाक्य वाचून दाखवलं. मास्तरांनी मान डोलावली. "बरोबर आहे की."

"काय बरोबर आहे? काळजी घ्यावी म्हणजे कुणी, कशी, कशाने? कुठेतरी लांब कुणी मुलगी हे वाचेल, प्रामाणिकपणे स्टुलावर बसून काळजी घेईल, आणि तिचे आकडे चुकतील. मग तिला कुणीतरी सांगेल, तुझा हात बसलेला नाही." त्या फेरीत मधेच थांबल्या. "तिचं काही चुकलेलं नसेल हो."

मास्तरांनी खोडरबर आणून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा वर्तमानपत्र उचललं. नवरा म्हणून त्या माणसाच्या अनेक तक्रारी सांगता येतील, पण कधी गप्प बसावं हे त्याला कळत होतं.

बैठकीचा हॉल मोठा होता, टेबल लांबच लांब. सगळे बसले होते, बाई भिंतीशी उभ्या. अध्यक्षांनी ठरल्याप्रमाणे सूतोवाच केलं, बाईंच्या आकड्यांची तारीफ केली, बाकीच्यांना सरावाचा प्रेमळ सल्ला दिला. दोन-तीन माना खाली गेल्या. त्यात पाहुणीचीही होती.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "त्यांचं चुकलेलं नाही. माझं चुकलंय. माझे आकडे काढून टाका."

अध्यक्षांना वाटलं विनय आहे. "बाई, तुमचेच तर सर्वांत उत्तम आहेत."

"म्हणूनच. ते यंत्राचे नाहीत, माझे आहेत." आणि त्यांनी तो व्हिडिओ भिंतीवरच्या पडद्यावर लावला. हातभर मोठी भिंगरी पडद्यावर फिरू लागली. पहिल्या टपलीला कुणाला काही कळलं नाही. तिसरीला एक जण फिसकन हसला. दहावीपर्यंत सगळं टेबल हसत होतं. खुद्द बाईही कसंनुसं हसल्या, आणि कानाच्या पाळ्या तापलेल्या त्यांना जाणवत होत्या.

हसणं ओसरल्यावर अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "बाई, कळतंय का तुम्हाला? आपणच आपल्या कामावर पाणी फिरवताय. एका टपलीसाठी! पुन्हा सगळं करायचं तर दोन वर्षं जातील. तुम्ही तेव्हा नोकरीत नसाल."

"नसेन."

"मग?"

बाई खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. "मी नसताना चाललं पाहिजे म्हणूनच तर ही पद्धत लिहिली होती," त्या म्हणाल्या.

मतदान झालं. कामं मार्गी लावणाऱ्या माणसाने शेवटचा प्रयत्न म्हणून तरीही बाजूने आणि विरोधात असं विचारलं. बाजूने चार हात वर गेले. विरोधात पाच, आणि त्यातला पहिला बाईंचा होता. त्रेचाळीस पानं परत पाठवण्यात आली.

त्या रात्री त्या जेवल्या, झोपल्या, आणि सकाळी कामावर गेल्या. तीन-सव्वातीन महिन्यांनी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी वरच्या साहेबांनी त्यांच्या अथक परिश्रमांविषयी भाषण केलं आणि पद्धतीविषयी एक अक्षर काढलं नाही. काटेवाल्यांनी मात्र फायलींची कपाटं दारातूनच परत पाठवली, खोलीत वजनाचा काटा आहे आणि त्याला धक्का चालत नाही, असं सांगून. तो माणूस विचारल्याशिवाय बोलला याची तिथे अजून चर्चा होते.

काम पाहुणीने उचललं. तिने दारावरच्या विजेच्या घंटीतली हातोडी काढून नरसाळ्याला बसवली, मग तशा सात बनवून घेतल्या. तिचे फोन येत. ताई, जोर किती ठेवू? ताई, किती सेकंदांनी? बाई फोन कानाला लावून घरभर फिरत उत्तरं देत, आणि फोन संपला की दिवसभर कुणाशी नीट बोलत नसत. आपण तिथे नाही हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांनी मास्तरांना तसं सांगितलंही, एकदा, भांडी पुसताना.

मसुदा त्यांच्याकडे सूचनांसाठी आला तेव्हा त्यांनी एकच सूचना पाठवली. पुढे दोन वर्षं आणि काही महिन्यांनी टपालाने जाड पाकीट आलं. मास्तरांनी ते फोडलं, चष्मा लावला आणि पानं चाळायला लागले. बाई मागून डोकावत होत्या, पुढे जात होत्या, परत येत होत्या.

"तुझं नाव कुठे दिसत नाही ते?"

"मानकावर कुणाचंच नसतं."

"मग यात तुझं काय?"

"चौदावं पान. शेवटचं वाक्य माझं."

मास्तरांनी वाचलं, "'चाचणी चालू असताना चाचणी घेणाऱ्या व्यक्तीने यंत्राला कोणत्याही कारणाने हात लावू नये.'" त्यांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. हसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी पान उलटलं.

मागे, अगदी शेवटी, सात प्रयोगशाळांच्या आकड्यांचा तक्ता होता. प्रयोगशाळांची नावं त्यात देत नाहीत, नुसते क्रमांक असतात, आणि कोणता क्रमांक कुणाचा हे कुणालाच सांगत नाहीत. बाईंनी तक्ता हातात घेतला आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचली. यातली एक ओळ त्यांच्या खोलीची होती. त्यांचं यंत्र, त्यांची भट्टी, काटेवाल्यांचा काटा. आपल्या खोलीचा आकडा आपण झोपेतही ओळखू, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, खिडकीच्या उजेडात नेऊन वाचलं.

"कोणता ग तुझा?" मास्तरांनी विचारलं.

"ओळखू येत नाही," बाई म्हणाल्या. "सगळे सारखेच आहेत हो." आणि त्यांना इतकं रडू आलं की मास्तर घाबरून उभे राहिले.